बँड नेमका कधी संपतो? किर्लोस्कर मंडळी, जेनेसिस आणि १९८६ सालची एक कॅसेट

१.
‘जेनेसिस १९८६ साली संपला.’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. सांगणारे माझे बाबा. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये, त्यांनी आयुष्याची ३६ वर्षे काढली. घरात कोणाचा वाढदिवस ते विसरतील. ही तारीख विसरणार नाहीत. आता इतिहासाची पदव्युत्तर विद्यार्थिनी म्हणून बखरीतले विधान तपासावे तसे हे विधान तपासून पाहावेसे वाटले. त्या तपासणीचा हा धागा. लांब आहे, सवडीने वाचावा.

२.
आधी थोडी पार्श्वभूमी. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये रॉक संगीताची एक शाखा फुटली. तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट तिला पुरेना. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, जॅझ आणि लोकसंगीत यांतून घेता येईल ते तिने घेतले. तालाची आवर्तने विषम केली, एकेक रचना तबकडीची अख्खी बाजू व्यापेल इतकी लांबवली. हाच प्रोग्रेसिव्ह रॉक. किंग क्रिम्झन, येस, जेनेसिस, जेथ्रो टल, पिंक फ्लॉइड ही त्यातली ठळक नावे. येसने तर १९७३ साली परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून चार बाजूंची चार गाणी रचली. आधार कशाचा, तर श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र यांचा.

३.
हे संगीत नाशिकला पोचले ते मुंबईमार्गे. बाबा १९८२ ते १९८५ या काळात पदविकेचे शिक्षण घेत वसतिगृहात राहत होते. सुट्टीत नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठायची, व्हीटीवरून चालत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये जायचे, तिथल्या छोट्या कक्षात उभे राहून तबकड्या ऐकायच्या आणि बहुधा काहीही विकत न घेता परतायचे, असा त्यांचा क्रम. कोणा एकाने तबकडी घेतली की तिच्यावरून साऱ्यांच्या कॅसेटी भरल्या जात. प्रत्येक कॅसेटच्या कार्डावर बाबांनी निळ्या शाईने गाण्यांची नावे, वर्ष आणि वादकांची यादी लिहिलेली आहे. इतिहासाच्या भाषेत बोलायचे तर हे माझे पहिले दफ्तर.

४.
आता मूळ विधानाकडे वळू. जेनेसिस हा बँड १९६७ साली इंग्लंडमधल्या चार्टरहाउस या शाळेतल्या मुलांनी उभा केला. १९७५ मध्ये गायक पीटर गॅब्रिएल बाहेर पडले आणि ड्रम वाजवणारे फिल कॉलिन्स गाऊ लागले. १९७७ मध्ये गिटारवादक स्टीव्ह हॅकेट गेले. उरले तिघे. या तिघांनी १९८६ मध्ये ‘इन्व्हिजिबल टच’ हा अल्बम काढला आणि तो जगभर तुफान खपला. १९७२ साली याच बँडची एक रचना सुमारे २३ मिनिटांची होती. नव्या अल्बमचे शीर्षकगीत साडेतीन मिनिटांचेही नव्हते. बाबांचा निकाल या आकड्यांवर उभा आहे आणि आकडे खोटे नाहीत.

५.
अडचण वेगळीच आहे. या बँडच्या चाहत्यांत ‘संपला’ची तारीख एकच नाही. कोणी १९७५ म्हणतो, कोणी १९७७, बाबा १९८६. पिंक फ्लॉइडबद्दलही तेच. सिड बॅरेट १९६८ साली गेले तेव्हाच तो संपला असे मानणारे आहेत आणि रॉजर वॉटर्स १९८५ साली बाहेर पडल्यावर संपला असे मानणारेही आहेत. यातली गंमत अशी की ‘डार्क साइड ऑफ द मून’ हा जगन्मान्य अल्बम १९७३ चा आहे. म्हणजे पहिल्या पक्षाच्या हिशेबाने तो बँड संपल्यानंतर पाच वर्षांनी निघाला! एकाच घटनेच्या इतक्या तारखा मिळू लागल्या की घटनेइतकेच तारीख सांगणाऱ्यांकडेही पाहावे लागते.

६.
इथे मला आपल्या गावातली एक रात्र आठवते. २१ डिसेंबर १९०९. विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. ही तारीख नाशिकच्या शाळकरी मुलालाही पाठ असते. त्या रात्री रंगमंचावर कोण होते, हे मात्र आपण सहसा विचारत नाही. जॅक्सनच्या निरोपासाठी देवलांच्या ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग लागला होता आणि तो करायला आली होती किर्लोस्कर नाटक मंडळी. त्या काळातल्या मराठी माणसाच्या लेखी ‘बँड’ म्हणावा तो हाच: गावोगाव फिरणारा, पदांना ‘वन्स मोअर’ घेणारा, जिवाला जीव देणारे आणि तितक्याच हिरिरीने भांडणारे चाहते असलेला.

७.
या मंडळीचा प्रवास पाहा. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणले. १८८५ मध्ये अण्णासाहेब वारले. भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्याने मंडळी तरली. १९०१ मध्ये तेही गेले. १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, आले. मार्च १९११ मध्ये ‘मानापमान’ गाजले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस प्रमुख नट नानासाहेब जोगळेकर निवर्तले. १९१३ मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. किर्लोस्कर मंडळी तरीही थांबली नाही. तिथे दीनानाथ मंगेशकर आले आणि १९१८ मध्ये त्यांनीही बाहेर पडून बळवंत संगीत मंडळी स्थापन केली.

८.
आमच्या घरात एक कथा सांगितली जाते. पणजोबा नाटकाचे वेडे होते. बालगंधर्वांची कीर्ती शिगेला पोचली होती तेव्हाही ते म्हणत, ‘जोगळेकर गेले आणि कंपनी संपली.’ आजोबांकडून मी हे असंख्य वेळा ऐकले. पुढची गोष्ट मात्र मला अलीकडेच कळली. जोगळेकर वारले त्याच सुमारास पणजोबा मामलेदार कचेरीत कारकून म्हणून चिकटले होते आणि त्यांचे रात्र रात्र नाटक पाहणे सुटले होते. बाबा कारखान्यात रुजू झाले ते साल कोणते? १९८६. दोन उदाहरणांवरून नियम सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही आपल्या तारुण्याचा शेवट माणूस कलेच्या नावे नोंदवतो की काय, ही शंका माझ्या मनातून जात नाही.

९.
याच १९८६ साली मुंबईत ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव सुरू झाला. आपल्याकडच्या रॉक बँडना हक्काचे व्यासपीठ मिळाले आणि पुढची कितीतरी वर्षे हजारो तरुण तिथे लोटत राहिले. त्या मुलांच्या लेखी १९८६ हे आरंभाचे वर्ष. उत्तर पेशवाईचा ‘ऱ्हास’ शिकवताना आमचे सर नेहमी विचारतात: ऱ्हास कोणाचा, आणि कोणाच्या नजरेतून? बाबांच्या कॅसेटींपुढे बसल्यावर तो प्रश्न मला खऱ्या अर्थाने समजला.

१०.
याचा अर्थ ‘सगळे सापेक्ष आहे’ असा मात्र नाही. बदल खरे असतात आणि त्यांना कारणे असतात. पहिले कारण म्हणजे नावाची मालकी. वॉटर्स गेल्यावर पिंक फ्लॉइड हे नाव कोणी वापरायचे यावरून वकिलांपर्यंत गोष्ट गेली. १९८९ मध्ये येसच्या चार जुन्या सदस्यांना ‘येस’ म्हणवून घेता आले नाही; त्यांनी आपली चार आडनावे ओळीने लावून अल्बम काढला. किर्लोस्कर मंडळीतही कीर्ती गळ्याची होती आणि फलक मालकांचा. गळा निघून गेला, फलक मागे राहिला. संस्था आणि व्यक्ती यांतले हे जुनेच भांडण आहे.

११.
दुसरे कारण तंत्राचे. लांब रचना शक्य झाली, कारण तबकडीच्या एका बाजूवर वीसबावीस मिनिटे मावत. १९८१ मध्ये अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाले आणि चित्रफितीत बसेल असे गाणे मोलाचे ठरले. येसचा अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेला एकमेव सिंगल याच काळातला, १९८४ च्या आरंभीचा. आपल्याकडे १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला आणि रात्रभर चालणाऱ्या संगीत नाटकाचे दिवस फिरले. एकेका पदाला अर्धा तास देणारे बालगंधर्वही १९३५ मध्ये ‘धर्मात्मा’ चित्रपटासाठी कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. कलावंताने तत्त्व सोडले असे म्हणणे सोपे असते. पायाखालची जमीन कशी सरकली हे पाहायला कष्ट पडतात.

१२.
एक उलटे उदाहरणही आहे. १९८४ मध्ये मुंबईत ‘रॉक मशीन’ नावाचा बँड निघाला. १९९३ मध्ये त्याने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले. उदय बेनेगल, महेश टिनईकर ही मंडळी तीच. नाव आणि सूर मात्र बदललेले. परदेशी रॉकच्या छायेतून बाहेर पडून इथल्या मातीचे काही शोधावे, ही धडपड त्यामागे होती. १९९७ मध्ये हा बँड थांबला, २०१० मध्ये पुन्हा उभा राहिला आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा नवा अल्बम घेऊन आला. आधीच्या उदाहरणांत नाव टिकले आणि माणसे बदलली. इथे माणसे टिकली आणि नाव बदलले. मग बँड ‘तोच’ कशामुळे राहतो? मला अजून समाधानकारक उत्तर सापडलेले नाही.

१३.
आता जे लिहिते आहे ते बाबांना विचारून लिहिते आहे. फेब्रुवारी २००७ मध्ये रॉजर वॉटर्स मुंबईत आले होते. त्या दौऱ्यात ते ‘डार्क साइड’ संपूर्ण सादर करत होते. बाबांच्या एका सहकाऱ्याने दोन तिकिटे काढली होती. बाबा गेले नाहीत. ‘वॉटर्स म्हणजे फ्लॉइड नव्हे’ हे त्यांचे उत्तर. २००५ मध्ये लंडनच्या मैदानात चौघे एका कार्यक्रमापुरते एकत्र आले होते; तसे पुन्हा होईल, तेव्हा पाहू, अशी आशा त्यांना होती. सप्टेंबर २००८ मध्ये रिचर्ड राइट वारले. त्या रात्री बाबा जेवले नाहीत, असे आई सांगते. शुद्धतेच्या आग्रहाची किंमत असते आणि ती बहुतेक वेळा आग्रह धरणाऱ्यालाच मोजावी लागते.

१४.
२०२२ मध्ये बाबा निवृत्त झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये ‘१९८६ साली संपलेल्या’ जेनेसिसने लंडनमध्ये आपला शेवटचा कार्यक्रम केला. फिल कॉलिन्स खुर्चीत बसून गायले, ड्रमवर त्यांचा मुलगा होता आणि प्रेक्षकांत पीटर गॅब्रिएल बसले होते. निवृत्तीनंतर केलेल्या तपासणीत कळले की बाबांच्या कानांना उंच पट्टीचे स्वर नीट ऐकू येत नाहीत. यंत्रांच्या सततच्या आवाजाने आधी तेच जातात. झांजांचा चरचरता आवाज, बासरीची वरची सप्तके हे सारे त्यांच्यासाठी आता फक्त आठवणीत वाजते. बँड बदलला म्हणून तक्रार करणारा श्रोता स्वतःच इतका बदलला होता आणि आम्हा कोणाच्या ते ध्यानातही आले नव्हते.

१५.
गेल्या दिवाळीत कपाट आवरताना ती कॅसेट हाती लागली. ‘इन्व्हिजिबल टच’, ६० मिनिटांची, नोकरीच्या पहिल्या वर्षी वसतिगृहातल्या मित्राने भरून पाठवलेली. कार्डावर बाबांचे अक्षर. पहिल्या बाजूची चार गाणी लिहिलेली. दुसऱ्या बाजूची जागा कोरी. मी विचारले, ‘बाबा, ही बाजू लिहिली नाहीत?’ ते म्हणाले, ‘अगं, लिहिणार काय? ऐकलीच नाही. पहिली बाजू ऐकली, दुसऱ्या दिवशी पहिली पाळी होती, राहून गेलं. नंतर वाटलं, कशाला ऐकायची.’ छत्तीस वर्षे ठामपणे सांगितलेल्या विधानाचा अर्धा पुरावा तपासलाच गेला नव्हता.

१६.
त्या दुसऱ्या बाजूवर ‘डॉमिनो’ आहे: दोन भागांची, दहा मिनिटांहून लांब, थेट जुन्या घडणीची रचना. मी ती लावली. बाबा स्पीकरजवळ सरकले आणि पेटीवर तळहात ठेवून बसले. खर्जातले त्यांना अजून नीट ऐकू येते. गाणे संपल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘चांगलं आहे. पण माझं म्हणणं तेच, १९८६.’ मी कॅसेट काढायला हात पुढे केला, तेवढ्यात म्हणाले, ‘थांब. परत मागे घे.’

१७.
धागा इथे संपवते. तुमच्याही घरात अशी एखादी ‘संपला’ची तारीख असेल: नाटक कंपनीची, बँडची, एखाद्या गायकाची. ती सांगणारी माणसे आहेत तोवर दोन गोष्टी विचारून घ्या. त्या वर्षी त्यांच्या आयुष्यात काय घडले होते, आणि दुसरी बाजू त्यांनी ऐकली होती का? उत्तरे इथे नोंदवलीत तर आनंद वाटेल. बाबाही वाचणार आहेत.