एस्टोनियाची दैनंदिनी, भाग दुसरा: फाटक नसलेली उद्यानं

सोमवार, लाहेमा

टॅलिन सोडून तास झाला नसेल, तोच भाचीनं गाडी महामार्गावरून आत वळवली. "मावशी, आलं बरं का नॅशनल पार्क." मी खिडकीतून फाटक शोधत होते. ताडोबाची सवय! इथं फाटक नाही, तिकीटखिडकी नाही, जिप्सींची रांग नाही. रस्त्याकडेला एक पाटी आणि पुढे सरळ गाव. अंगणात लाकडं रचलेली, दोरीवर कपडे, एक आजी वाफे उकरत बसलेल्या.

एस्टोनिया केवढा? सुमारे ४५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा साधारण सातवा हिस्सा. माणसं चौदा लाखांच्या आत. निम्मा देश जंगलाखाली आणि राष्ट्रीय उद्यानं सहा. लाहेमा त्यांतलं सगळ्यांत जुनं, १९७१ चं. सबंध सोव्हिएत संघातलं ते पहिलं राष्ट्रीय उद्यान. रानाबरोबर कोळ्यांची गावं आणि जर्मन जमीनदारांचे वाडेही राखायचे, हे तेव्हाच ठरलेलं. त्यामुळे उद्यान झालं म्हणून गावं उठली नाहीत.

दुपारी कॅस्मूला गेलो. हे जहाजाच्या कप्तानांचं गाव. १८८४ पासून १९३१ पर्यंत इथं नौकानयनाची शाळा होती. हिमयुगात बर्फानं वाहून आणलेले घराएवढाले धोंडे किनाऱ्यावर आणि झाडीत पडलेत. तिथून हाराच्या धक्क्यावर. पाणबुड्यांच्या पोलादी अंगातलं चुंबकत्व उतरवण्याचं सोव्हिएत केंद्र इथं होतं. आता मोडकं काँक्रीट तेवढं समुद्रात उभं आहे.

हा किनारा इतका कोरा कसा राहिला, याचं एक उत्तर कौतुकाचं नाही. सोव्हिएत काळात हा सगळा सीमापट्टा होता. बाहेरच्याला परवान्याशिवाय प्रवेश नाही. वाळू विंचरून ठेवायची, म्हणजे रात्री कुणी पळालं तर पाऊल उमटेल. कोळ्यांच्या होड्यांवर पहारा. कप्तानांच्या गावाला समुद्र परका झाला. हॉटेलं, बंगले आले नाहीत हे खरं, पण ते काटेरी तारेमुळे. त्याला निसर्गप्रेम म्हणवत नाही.

मंगळवार, व्हिरूची दलदल

सकाळी सात अंश. मे महिना चालू आहे हे इथल्या हवेला कुणी कळवलेलं दिसत नाही. हातमोजे चढवून निघालो. दलदलीतून साडेतीन किलोमीटरची फळ्यांची वाट आहे, मध्यावर लाकडी मनोरा. वरून दिसतात खुजे पाईन आणि त्यांच्यामधे काळ्या पाण्याची डबकी. माझ्या खांद्याएवढं एक झाड शंभरी गाठलेलं असू शकतं. मुळांना खायलाच काही नाही, वाढणार कशाच्या जोरावर?

या भूमीचा कारभार चालवतं स्फॅग्नम नावाचं शेवाळ. ते पाणी धरून ठेवतं आणि आंबट करतं. पाण्यात प्राणवायू नाही, म्हणून मेलेलं शेवाळ नीट कुजतही नाही. थरावर थर चढतो आणि त्याचं पीट होतं, वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. व्हिरूत हा थर सहा मीटरपर्यंत आहे. म्हणजे माझ्या बुटांखाली काही हजार वर्षं होती. त्यात हवेतून काढून घेतलेला कार्बन कोंडलेला असतो. दलदल वाळवली की तो पुन्हा हवेत जातो.

वाळवण्याचं काम कसं दिसतं, तेही इथंच पाहायला मिळालं. दलदलीच्या एका कडेला पूर्वी पीट काढत. तो पट्टा अजून तपकिरी आणि उघडा आहे. आजही एस्टोनिया बागकामासाठी पीट निर्यात करतो. युरोपातल्या कुंड्यांमध्ये पिटाच्या जागी काय घालायचं, यावर जी उत्तरं शोधली जातात त्यांत आपल्याकडचं कोकोपीट आहे. नारळाच्या सोडणाचा भुसा आणि ही दलदल यांचं असं नातं असेल, हे इथं येईपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आता अनेक दलदलींत जुन्या चरांना बांध घालून पाणी पुन्हा अडवतात. आजोबांनी खणलेले चर नातू बुजवतो आहे.

शेवाळात गेल्या शरदातल्या क्रॅनबेऱ्या राहिल्या होत्या. बर्फाखाली हिवाळा काढलेलं हे फळ जरा गोड होतं. फळीवरूनच हात पोचला तेवढ्या खाल्ल्या. रानातली फळं आणि अळंबी वेचायचा हक्क इथं सगळ्यांना आहे, परदेशी पाहुण्यालाही.

बुधवार, सोमा

आज दक्षिणेकडे. सोमा १९९३ चं, सुमारे चारशे चौरस किलोमीटरचं उद्यान. इथले लोक वर्षाचे पाच ऋतू मोजतात. पाचवा पुराचा. मार्च-एप्रिलात साकाला पठारावरचं बर्फ वितळलं की चार-पाच नद्यांचं पाणी या सपाटीत एकदम उतरतं आणि पुढे सरकायला उतार सापडत नाही. रस्ते, कुरणं, जंगलाचा तळ, सगळं पाण्याखाली. १९३१ चा पूर सर्वांत मोठा म्हणून नोंदलेला आहे. आम्ही पोचलो तेव्हा पाणी ओसरलं होतं, पण झाडांच्या बुंध्यांवर गाळाची रेघ स्पष्ट होती.

पुरातलं वाहन म्हणजे हाब्यास, एकाच अस्पेनच्या ओंडक्यातून कोरलेली होडी. खोड पातळ कोरायचं, मग पाणी आणि जाळाची ऊब देत त्याच्या भिंती हळूहळू बाहेर फाकवायच्या. सांधा नाही, खिळा नाही. करणारे हात थोडेच उरले, म्हणून २०२१ मध्ये युनेस्कोनं ही कला तातडीनं जपायच्या यादीत घेतली.

होडीतला आमचा वाटाड्या साठीतला, मोजकं बोलणारा. मी विचारलं, दरवर्षी पूर, तरी लोक राहिले कसे? तो म्हणाला, "पूर येतो म्हणून दुसरं कुणी आलं नाही." पुढे बराच वेळ तो गप्प वल्हवत राहिला. वाटेत बीव्हरांनी कुरतडलेली झाडं दाखवली. हा प्राणी एस्टोनियातून शिकारीनं संपला होता. १९५७ मध्ये बेलारूसमधून आणून सोडला, आणि आता त्यानं घातलेल्या बांधांमुळे शेतकरी वैतागलेले असतात.

गुरुवार, मात्सालू

या प्रवासातला सर्वांत भरगच्च दिवस. मात्सालूचा उपसागर उथळ आहे, सरासरी दीड मीटर. कसारी नदी त्याला मिळताना फाकते आणि भोवती बोरूची बेटं, पुराची कुरणं, किनाऱ्यावरची गवताळ पट्टी. १९५७ पासून राखीव, १९७६ पासून रामसर स्थळ, २००४ पासून राष्ट्रीय उद्यान. पक्षितज्ज्ञ एरिक कुमारी यासाठी फार खपले.

पहाटेच मनोऱ्यावर चढलो. खालचं कुरण काळं-पांढरं हलत होतं. बार्नॅकल हंस! गोरं तोंड, काळी मान. हिवाळा नेदरलँड्स-जर्मनीकडे काढून ते उत्तर ध्रुवाकडच्या रशियन किनाऱ्यावर अंडी घालायला निघालेत. इथं ते पोट भरायला थांबतात. थवा उठला की शंभर कुत्री एकदम भुंकल्यासारखा गलका. दूर बोरूपलीकडे क्रौंचांची जोडी ओरडत होती.

ही गवताची पट्टी माणसाच्या हातची आहे, हे मला इथं येऊन कळलं. शतकानुशतकं गाई चरल्या, लोकांनी गवत कापलं, म्हणून ती उघडी राहिली. सोव्हिएत राजवट गेली, सामुदायिक शेती मोडली, गुरं गेली. लगेच बोरू आणि झुडपं पुढे सरकली, आणि उघड्या कुरणात घरटी करणाऱ्या पाणपक्ष्यांची जागा आटली. म्हणून आता युरोपीय संघाच्या पैशातून शेतकऱ्यांना गुरं चारायला, गवत कापायला अनुदान मिळतं. अट एकच मोठी: पिल्लं उडती होईपर्यंत, म्हणजे जुलैआधी, कापणी नाही.

दुपारी अशाच एका शेतकरी बाईंकडे थांबलो. त्यांच्या गाई थेट खाऱ्या पाण्यात उतरून चरत होत्या. राय धान्याचा काळा पाव आणि धुरी दिलेला मासा पुढे करत त्या म्हणाल्या, "कुरणात मी पक्ष्यांची मावशी, शेतात त्यांची वैरीण." हंस गव्हाचे कोवळे कोंब साफ करतात. सरकार भरपाई देतं, पण तिला मर्यादा आहे. एकाच माणसाला पक्षी हवाही आहे आणि नकोही. तरी त्यांनी गाई विकलेल्या नाहीत. अनुदान बंद झालं तर? बाईंनी खांदे उडवले. "मग बोरू."

शुक्रवार, सारेमाच्या वाटेवर

दिवसभर पाऊस. व्हिर्त्सूहून फेरीनं अर्ध्या तासात मुहू बेट आणि तिथून १८९६ मध्ये बांधलेल्या बांधावरून सारेमा. रस्त्याकडेला जुनिपरची झुडपं आणि पवनचक्क्या. बाकी झोप.

शनिवार, विल्सांदी

आभाळ निवळलं. पापिसारेच्या धक्क्यावरून होडीनं विल्सांदीला. बेटाच्या पश्चिमेला १८०९ चा दीपस्तंभ आहे, आणि या देशातल्या निसर्गरक्षणाची सुरुवात तिथल्याच एका दीपरक्षकानं केली. त्याचं नाव आर्टुर टोम. पलीकडच्या वाइका नावाच्या खडकाळ टिकल्यांवर आयडर बदकं घरटी करत आणि लोक टोपल्या भरून अंडी नेत. टोमनं १९१० मध्ये ते खडक किहेल्कोन्नाच्या धर्मगुरूंच्या मालमत्तेतून भाड्यानं घेतले आणि स्वतः राखण सुरू केली. बाल्टिक प्रदेशातलं हे पहिलं पक्षी अभयारण्य. मोठी घोषणा नाही. नोकरी सांभाळून केलेला भाडेकरार.

वाइकावर घरट्यांच्या काळात पाऊल ठेवायची बंदी आहे, म्हणून दुर्बिणीतूनच पाहिलं. तपकिरी पाठीच्या आयडर माद्या दगडाशी दगड होऊन बसल्या होत्या. खालच्या खडकावर करडे सील लोळत होते. म्हणजे फाटक नसलेल्या या देशात "इथं येऊ नका"ही आहे. पण ते नेमक्या जागेपुरतं, नेमक्या महिन्यांपुरतं, आणि लोक ते पाळतात.

आपल्याकडे अभयारण्य जाहीर झालं की आधी गावाच्या पोटात गोळा येतो. एस्टोनियाचं सगळं तसंच्या तसं उचलता येणार नाही. त्यांच्याकडे माणसं कमी, जमीन मोकळी, मागे युरोपचा पैसा. पण गुराखी, कापणीवाला, दीपरक्षक यांना राखणीतले वाटेकरी मानणं, याला ना हेक्टर लागतात ना युरो. आपल्या पाणथळींच्या काठावरचा शेतकरी हंगामभर पक्ष्यांना पोसतो. त्याच्या पिकाचा हिशोब आधी मांडा, मग त्याला नियम सांगा.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. हंस पाहायचे तर मेचा पहिला पंधरवडा गाठा, क्रॅनबेऱ्या हव्या असतील तर सप्टेंबर. गमबूट आणि लोकरीचे मोजे घेऊन जा. गवतातून फिरून आल्यावर अंगावर गोचीड तपासा, त्यांच्यापासून मेंदूज्वर होऊ शकतो. सरकारी वनखात्याच्या मुक्कामांवर शेकोटीची जागा असते. लाकडं असतील तर निघताना पुढच्यासाठी चार ढलप्या फोडून ठेवा. पुढच्या भागात देशातलं सर्वांत लहान राष्ट्रीय उद्यान, दक्षिणेतलं कारुला.