दृढीकरणानंतरची मुलं

आमच्या वसईत रविवारी मुलांची मिस्सा संपली की धर्मशिक्षणाचे वर्ग भरतात. लहान मुलं पहिल्या कम्युनियनची तयारी करतात, मोठी दृढीकरणाची. हजेरीपट, वर्षाअखेरची परीक्षा, बक्षिसं, सगळं शाळेसारखं. त्यामुळेच बिशपांनी कपाळावर तेल लावलं, फोटो निघाले की मुलंही शाळा सुटल्यासारखी पांगतात. बाप्तिस्मा, दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद हे ख्रिस्ती जीवनात प्रवेश देणारे संस्कार. त्यातल्या एकाचा आपण निरोप समारंभ करून टाकला आहे. पालक खासगी क्लासला दोष देतात, कुणी मोबाइलला. मला वाटतं, आपण मुलांना वर्ग दिला, पण काम दिलं नाही.

मुलांवर भरवसा ठेवणं चर्चला नवं नाही. 1910 साली पोप दहावे पायस यांनी साधारण सातव्या वर्षापासून मुलांना ख्रिस्तप्रसाद घेऊ द्यावा असं ठरवलं. त्याआधी कितीतरी ठिकाणी त्यांना दहा-बारा वर्षांची होईपर्यंत थांबवून ठेवत.

नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेचं पहिलं वाचन यशयाच्या नवव्या अध्यायातलं असतं. ते मी हट्टाने तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना देते. यातली बरीचशी इंग्रजी माध्यमात शिकतात, घरी सामवेदी नाहीतर वाडवळी बोलतात, आणि ग्रंथातली मराठी त्यांना चर्चमध्येच भेटते. एक मुलगी सरावाला त्यातल्या 'मिद्यानच्या दिवशी' या शब्दांपाशी अडखळली. उच्चार सांगितला, तर म्हणाली, "पण टीचर, मिद्यानच्या दिवशी झालं काय?" मग शास्त्यांचं पुस्तक उघडलं. मिद्यानी सैन्याशी लढायला निघालेल्या गिदोनजवळ 32,000 माणसांतून शेवटी 300 उरली. त्यांच्या हातात शिंगं आणि मडकी, मडक्यांत मशाली. रात्री मडकी फुटली, शिंगं वाजली आणि शत्रूची छावणी उधळली. ही गोष्ट तिला वर्गात शिकवलेली होती. पण अख्ख्या गावासमोर उभं राहून वाचायचं म्हटल्यावर ती तिला स्वतःहून हवीशी झाली. मग तिने पेन्सिलीने थांबायच्या जागांवर रेघा मारल्या, माइकपासून वीतभर लांब राहायला शिकली, आणि घरी आजीला वाचून दाखवलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेआधी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. ते दिवस आठवणारी आजी नातीचं मराठी वाचन दुरुस्त करते, हे धर्मशिक्षण माझ्या वर्गात होऊ शकत नाही.

युवकांचंही तसंच. बेल्जियमचे फादर जोसेफ कार्डाइन यांनी 1925 मध्ये तरुण कामगारांची ख्रिस्ती चळवळ उभी केली. पाहा, पारखा, कृती करा, ही त्यांची पद्धत 1961 साली पोप तेविसावे जॉन यांनी आपल्या परिपत्रात उचलून धरली. आमच्याकडे पाहायला दूर जावं लागत नाही. वाड्यांमधली बावखलं, म्हणजे गोड्या पाण्याची जुनी तळी, राडारोड्याने बुजताहेत, विहिरींना मचूळ पाणी लागतंय. युवक मंडळाने गावातली बावखलं नकाशावर टिपली, कुठली बुजली, कुठली अजून वापरात आहेत ते घरोघर विचारलं. त्यानंतर उत्पत्तीच्या पुस्तकावर आमचं बोलणं जसं रंगलं तसं पूर्वी कधीच रंगलं नव्हतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी आवाज उठवला तेव्हा ही मुलं जन्मलीही नव्हती. तो विषय त्यांना चिखलात उतरून कळला.

काम द्यायचं म्हणजे मुलं मोठ्यांच्या सहवासात येणार. म्हणून एक गोष्ट ठाम सांगते. वेदीसेवक कपडे बदलतात त्या खोलीत एकटं मूल आणि एकटा मोठा माणूस नको, मग तो फादर असो की माझ्यासारखी शिक्षिका. निरोप पालक असलेल्या ग्रुपवरच जावेत. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची शंका आली तर पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ते प्रकरण चर्चच्या आवारात मिटवायचं नसतं.

पॅरिश कौन्सिलवर युवकांचा प्रतिनिधी असतो, पण त्याच्या वाट्याला खुर्च्या मांडणं आणि सणाच्या दिवशी पार्किंग सांभाळणं येतं. त्याला जमाखर्च दाखवा, गरिबांसाठीचा निधी कुणाला द्यायचा यात त्याचं मत घ्या. येत्या आगमनकाळापासून दृढीकरणाच्या वर्गातल्या प्रत्येकाला वर्षभराचं एक काम ठरवून द्यावं असं मी सुचवलं आहे: वाचन, गायन, आजारी माणसांच्या घरी जाणं, लहानांच्या वर्गात मदत. त्यासाठी वाचकांच्या यादीतून काही मोठ्यांची नावं कमी करावी लागतील, आणि त्या मोठ्यांशी बोलायला मी सुरुवात केली आहे.