शार्कचें उष्टावण

मूल सहा-सात महिन्यांचें झालें म्हणजे आमच्या घरांत उष्टावणाची गडबड सुरू होते. मामाच्या मांडीवर बसून चांदीच्या वाटींतील खीर चाटलेलें मूल पेज, मऊ भात, वरण अशा पायऱ्या चढत एक दिवस मोठ्यांच्या पंक्तीला येतें. चौदा माणसांचा स्वयंपाक एकाच चुलीवर होत असतांहि तान्ह्याचें, शाळकरी मुलांचें आणि आजोबांचें ताट निरनिराळेंच असावयाचें. वयाप्रमाणें अन्न बदलावें हा नियम शार्कसारख्या हिंस्र माशासहि लागू आहे, हें वाचनांत आल्यापासून आम्हांस त्या प्राण्याविषयीं विशेष कुतूहल वाटूं लागलें. ज्या स्वयंपाकघरांत मासा कधीं शिरला नाहीं तेथून हें लिहिलें जात आहे; मुशी आणि मोरी यांच्याशीं घरोबा असलेल्या कोंकणकिनाऱ्यावरील वाचकांनीं आमचें हंसें करूं नये म्हणजे झालें.

शार्क म्हटला कीं सीलवर झडप घालणारा प्रचंड पांढरा शार्क डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु तो जन्मास येतो तो चार-पांच फूट लांबीचा, आणि त्याची आई त्याला तेथेंच सोडून निघून जाते. त्या वयांत त्याचें भक्ष्य म्हणजे मासे आणि वाळूंत दडणारे पाकट. दांतहि तेव्हां अरुंद व टोकदार असतात. निसटता मासा टोंचून धरण्यास ते पुरतात. लांबी दहा फुटांच्या आसपास गेली कीं दांत रुंद व त्रिकोणी होतात, आणि मग सीलसारख्या जाड चरबीच्या प्राण्यांकडे तो वळतो. मात्र नुसते दांत येऊन भागत नाहीं, जबडाहि तयार व्हावा लागतो. शार्कच्या अंगांत हाड नाहीं, सारी कूर्चा. तिच्यावर क्षारांचा थर चढून ती बळकट व्हावयास कालावधि लागतो. २०१० सालीं ऑस्ट्रेलियांतील शास्त्रज्ञांनीं संगणकावर जबड्याची प्रतिकृति करून दाखविलें कीं, पोरसवदा शार्कनें मोठ्या भक्ष्यास चावा घेतल्यास त्या ताणाला त्याचा कोंवळा जबडा पुरा पडत नाहीं.

याच्याहि मागें गेलें तर पहिला घांस आईच्या पोटांतच घेतलेला असतो. पांढऱ्या शार्कचीं पिलें उदरांत न फळलेलीं अंडीं खाऊन वाढतात. सँड टायगर नांवाच्या जातींत तर प्रत्येक गर्भाशयांतील थोरलें पिलूं धाकट्या भावंडांना गिळून टाकतें. गर्भाशय दोन, म्हणून जन्मास येणारीं पिलेंहि दोनच. या जातीच्या मादीच्या पोटांत हात घातला असतां न जन्मलेल्या पिलानें स्टुअर्ट स्प्रिंगर या संशोधकास चावा घेतला होता; त्यांचें याविषयींचें लेखन १९४८ सालीं प्रसिद्ध झालें. ही हकीकत आम्हीं रात्रीच्या जेवणानंतर घरांत वाचून दाखविली, तेव्हां थोरल्या मुलांनीं ती फार लक्षपूर्वक ऐकली. धाकट्यांस ती मुळींच आवडली नाहीं.

जन्मल्यानंतरचें भय वडीलधाऱ्यांचें. मोठा शार्क लहान शार्कला खातो, त्यामुळें पिलांची पंक्ति दूर मांडावी लागते. बहामा बेटांपैकीं बिमिनी येथें १९९० सालीं सॅम्युएल ग्रूबर यांनीं संशोधनकेंद्र काढलें. तेथील लेमन शार्कचीं पिलें कांदळवनाच्या मुळांच्या आसपास, मोठ्यांना येतां येणार नाहीं अशा उथळ पाण्यांत लहान मासे टिपून राहतात. हवाईमध्यें ओआहू बेटावर कानेओहे नांवाचा उपसागर आहे. हातोडीसारख्या डोक्याच्या शार्कांचीं पिलें तेथें कोळंबीसारखे जीव व चिमुकले मासे खातात. पण शिकार नीट साधूं लागण्यापूर्वींच त्यांतील पुष्कळ पिलें उपासानें मरतात. घांस कसा घ्यावा हें दाखविणारें त्यांना कोणीच नसतें. मामाची मांडी ही केवढी चैनीची गोष्ट आहे हें अशा वेळीं ध्यानांत येतें.

शार्कला वांचवावें असें आज अनेक सुज्ञ लोक म्हणतात. तें आम्हांस मान्यच आहे. परंतु कोणत्या वयाच्या शार्कला, हें विचारल्यावांचून त्या बोलण्यास अर्थ येत नाहीं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याचें उदाहरण या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. १९७२ सालीं अमेरिकेंत सील वगैरे समुद्री सस्तन प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. सीलांची संख्या वाढली आणि मोठ्या पांढऱ्या शार्कांचें ताट भरलें. पिलांना मात्र त्याचा उपयोग नव्हता. तीं राहत दक्षिणेकडील किनाऱ्यालगतच्या पाण्यांत, आणि दुसऱ्याच माशांसाठीं लावलेल्या जाळ्यांत सांपडून मरत. १९९४ पासून तेथें किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आंत तसलीं जाळीं लावण्यास बंदी झाली. त्याच वर्षीं राज्यानें पांढऱ्या शार्कच्या शिकारीसहि मनाई केली. २०१९ ते २०२१ या काळांत त्या भागांत ड्रोन उडवून पाहणी केली, तेव्हां पिलांच्या आवडत्या जागीं तीं जवळजवळ रोजच पोहणाऱ्यांच्या निकट आढळलीं. पोहणाऱ्यांना बहुधा त्याचा पत्ताहि नसे. पिलें आपल्या वाटेनें, तळच्या वाळूंतील पाकटांच्या शोधांत निघून जात.