बरोबर शून्य

वहीत असं होतं: ३क्ष + २ = ५क्ष. त्याखाली पट्टीने मारलेली दुहेरी रेघ. दुहेरी रेघ म्हणजे गणित संपलं, आता पुढचं.

२०१७ साली नववीचं गणिताचं पुस्तक बदललं. पहिल्या भागात संच, वास्तव संख्या आणि मग तिसरं प्रकरण बहुपदी. मी तेव्हा साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या एका शाळेत शिकवत होते. पुस्तकात इंग्रजी एक्स असतो. आमच्या वडिलांच्या पिढीच्या बीजगणितात क्ष असे. तो मला अजून जवळचा वाटतो, म्हणून इथे तोच वापरते.

निम्म्याहून अधिक वह्यांत पाच क्ष निघाले होते. राहिलेल्यांतल्या बऱ्याच जणांनी ३क्ष + २ च्या पुढे स्वतःहूनच '= ०' जोडलं होतं आणि क्षची किंमत उणे दोन तृतीयांश काढून चौकटीत बसवली होती. कुणी न विचारलेल्या प्रश्नाचं अगदी नेटकं उत्तर. राग यायला हवा होता, पण आला नाही. पोरं पहिलीपासून एकच शिकत आलीत: बेरीज म्हणजे दोन आकडे जातात आणि एक येतो. मधलं अधिकचं चिन्ह उरलंच, तर काम अर्धवट राहिलं. त्यांना नववीत एकदम सांगायचं की 'तीन क्ष अधिक दोन' हेच उत्तर, यातलं अधिकचं चिन्ह काढायचं नाही, हा क्ष शोधायचा नाही. त्यांना ते पटत नाही, आणि पटू नये हेही बरोबरच.

मलाही पटलं नव्हतं. सांगलीत शाळेत असताना मीही असेच पाच क्ष काढले होते. तेव्हा मला समजावून सांगितलं गेलं ते सगळ्यांना सांगतात तसंच: तीन आंबे आणि दोन केळी यांची बेरीज होते का? हे उदाहरण मी स्वतः कधीच वापरत नाही. त्यात क्ष म्हणजे आंबा होतो. क्ष ही तर संख्या आहे, आंब्यांची असेल नाहीतर आणखी कशाची. शिवाय पुढच्याच आठवड्यात क्षचा वर्ग येतो. आंब्याचा वर्ग काय करायचा?

अण्णा, म्हणजे माझे वडील, मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते. हळदीच्या हंगामात त्यांचा सदरा, बोटं, चष्म्याची काडी, सगळं पिवळं. शाळा सुटली की डबा द्यायला मी दुकानात जाई. त्या दिवशी लाल शेऱ्याची वही लपवायची राहिली आणि त्यांनी ती पाहिली. काही बोलले नाहीत. समोर एका शेतकऱ्याची राजापुरी हळद उतरत होती. अण्णांनी कागदावर लिहिलं: १४ पोती, ३६ किलो सुटी.

"एकूण किती झालं?" त्यांनी विचारलं.

"भरती किती आहे पोत्याची?"

"अजून तोल व्हायचाय."

"मग लिहिताय काय?"

"जेवढं माहीत आहे तेवढं. पन्नास लिहू का? चौदा आणि छत्तीस?"

मी हसले. पन्नास काय, पोती की किलो? मग ते म्हणाले, बारदान प्रत्येक पोत्यामागं एक किलो धर. चौदा पोत्यांचं चौदा किलो वजा. छत्तीसातून चौदा गेले, बावीस. पोती चौदाच. म्हणजे चौदा वेळा भरती आणि वर बावीस किलो. तोल झाला की भरतीच्या जागी आकडा घालायचा आणि गुणायचं. तोपर्यंत घाई नाही, पोती पोत्यांत, किलो किलोत.

१४क्ष + २२. हे मला त्या दिवशी दिसलं नाही. दिसलं ते दहाबारा वर्षांनी, स्वतः फळ्यासमोर उभी राहिल्यावर. किलो किलोंत मिळाले, बारदान वजा होऊन हिशेब आटोपशीर झाला, तरी भरती अज्ञातच राहिली आणि तिच्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. सोपं रूप देणं म्हणजे एवढंच.

नववीच्या त्या वर्गात मी हळदीपासून सुरुवात केली. पोरं निम्मी कोरेगाव, जावळीकडची. हळद नाही तर घेवडा, स्ट्रॉबेरी, पण पोती, क्रेट आणि तोल सगळ्यांना ठाऊक. तिथून दशमान पद्धतीवर आले. ३२५ म्हणजे तीन शतक, दोन दशक, पाच एकक. दहाच्या जागी क्ष ठेवला की तीन क्षवर्ग अधिक दोन क्ष अधिक पाच. पहिलीपासून तुम्ही बहुपदीच लिहीत आलात, फक्त क्ष दहावर अडकलेला होता. १२ गुणिले १३ करा: क्षवर्ग अधिक पाच क्ष अधिक सहा, म्हणजे १५६. आता १७ गुणिले १८. क्षवर्ग अधिक पंधरा क्ष अधिक छप्पन्न. इथे पोरं थबकली. छप्पन्नातले पाच पुढे न्यायची सवय हाताला इतकी की दोघातिघांनी नेलेही. पण क्ष दहाच आहे असं कुणी सांगितलं? बहुपदीत हातचा नसतो. दहा घातल्यावर शंभर, दीडशे आणि छप्पन्न मिळून ३०६ होतात, ते नंतरचं. एकाने विचारलं, मग रुपये-आणे-पै पण बहुपदी का? आजोबांकडून ऐकलं असणार. म्हटलं, नाही, रुपयाचे आणे सोळा आणि आण्याच्या पै बारा, दोन वेगळी चलं लागतील. त्याला ते फार आवडलं. मला त्याहून जास्त.

भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातल्या बीजगणितात अज्ञाताला यावत्तावत् म्हणतात, दुसऱ्याला कालक, तिसऱ्याला नीलक, मग पीतक. काळा, निळा, पिवळा. यावत्तावत् म्हणजे जेवढं तेवढं, अण्णांच्या 'जेवढं माहीत आहे तेवढं'च्या अगदी शेजारचं. नियमही तोच: एका जातीच्या राशींचीच बेरीज-वजाबाकी होते, वेगळ्या जातीच्या वेगळ्या मांडून ठेवायच्या. पुस्तकातले सजातीय आणि विजातीय हे शब्द त्याच घरचे. त्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख पाटणला आहे म्हटल्यावर पोरं कोयनेकाठच्या पाटणच्या सहलीची तयारी करू लागली. ते पाटण नव्हे बाबांनो, हे चाळीसगावजवळचं.

इथवर मी खुशीत होते. मग संश्लेषक भागाकार आला.

पद्धत सुटसुटीत आहे. भाज्याचे फक्त सहगुणक ओळीने लिहायचे, क्ष पुसून टाकायचा. आधी साधा भागाकार शिकवून मग ती दाखवावी असं मला अजून वाटतं, नाहीतर ती जादू होऊन बसते. तास संपत आला होता. मी फळ्यावर लिहिलं: क्षघन − ७क्ष + ६, भागिले क्ष − १. सहगुणक मांडले: १, −७, ६. एक खाली आणला. एके एक, उणे सातात मिळवला, उणे सहा. उणे सहा सहात मिळवले, शून्य. बाकी शून्य, म्हणजे क्ष − १ हा अवयव. भागाकार क्ष − ६. खडू ठेवला, हात झटकले.

मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. तीच, दुहेरी रेघवाली.

"बाई, क्षला क्षनं गुणून क्षघन कसा येईल?"

क्षवर्गाची जागा मी मांडलीच नव्हती. तिथे शून्य हवं होतं: १, ०, −७, ६. मग येतं १, १, −६ आणि बाकी शून्य. भागाकार क्षवर्ग + क्ष − ६. इतकी वर्षं 'गैरहजर पदासाठी शून्य मांडा' असं पोरांच्या मागे लागणारी बाई, तिनेच ते गाळलं. वर्ग हसला, मीही हसले, पण कान तापले होते. घंटा झाली तरी ती मुलगी जागची हलेना. "पण बाई, चुकूनसुद्धा बाकी शून्यच कशी काय आली?"

मला सांगता आलं नाही. सोमवारी बघू म्हटलं.

तो शुक्रवार होता. संध्याकाळी सांगलीच्या एसटीत बसले. कराडपर्यंत डोक्यात तेच. उजळणी केली तेव्हा उलगडलं. शेष सिद्धांत सांगतो की क्ष − १ ने भागल्यावरची बाकी म्हणजे क्षच्या जागी १ घालून येणारी किंमत. एकाचा घन एक, एकाचा वर्गही एक. मी घनाऐवजी वर्गच भागून बसले होते, पण एकाला त्यातला फरक कळत नाही. चूक पकडायला मी जी बाकी तपासली, तिला जागाच दिसत नव्हत्या.

रात्री अण्णांना सांगितलं. ऐंशी उलटलेले, ऐकू कमी येतं. त्यांना घन-वर्गाचं काही नको होतं.

"रकाना मोकळा सोडलास व्हय? मोकळा ठेवला की दुसरं कोणतरी त्यात बसतं. काही नसलं तरी शून्य घालायचं असतं."

त्यांच्या वहीत सुटी हळद नसली तरी 'सुटी ०' असं असे, हे मला तेव्हा आठवलं. जुने गणिती पृथूदकस्वामी यांच्या मांडणीतही, समीकरणाच्या एका बाजूला वर्ग नसेल तर 'याव ०' लिहून जागा राखलेली दिसते. याव म्हणजे यावत्तावत्चा वर्ग.

सोमवारी वर्गात शिरले तर फळा आधीच भरलेला. मुलीने क्ष − २ ने दोन्हींना भागलं होतं. क्षघन − ७क्ष + ६ ची बाकी शून्य, क्षवर्ग − ७क्ष + ६ ची उणे चार.

"दोननं नाही फसत बाई. उणे एकनं पण नाही. फक्त एकनं फसतंय." थांबून म्हणाली, "आणि शून्यानं. तिथं दोन्हीकडं सहाच येतात."

"आणखी कशाने?"

"कशानंच नाही."

"कशावरून?"

ती फळ्याकडे वळली. वेळ लागला. मग लिहिलं: क्षघन − क्षवर्ग. त्याखाली क्षवर्ग बाहेर काढला, कंसात क्ष − १ ठेवला. पुढे हात नेला, आणि तो तिथेच थांबवून तिने माझ्याकडे पाहिलं.

"बाई, आत्ता 'बरोबर शून्य' लिहू ना?"

"लिही," मी म्हटलं.