नकाशातले रंग

परक्या मुलखाविषयी मत बनविण्याइतके सोपे काम जगात दुसरे नाही. त्याला प्रवासखर्च पडत नाही, तेथील माणसांशी चार शब्द बोलावे लागत नाहीत, आणि मत फसले तरी त्याचा जाब कोणी विचारीत नाही. निवडणुकीचे निकाल लागले की वर्तमानपत्रे नकाशे छापतात. त्यांत प्रत्येक मतदारसंघ एकेका रंगाने काठोकाठ भरलेला असतो. शंभरांतील एकावन्न मते एका बाजूस पडली, तरी उरलेल्या एकोणपन्नासांच्या अंगणातही तोच रंग सांडतो. नकाशा काढणाराचा त्यात अपराध नाही. त्याच्यापाशी जागा तेवढीच असते. परंतु आपण वाचणारे तो रंग कागदावरचा न समजता माणसांच्या अंगावरचा समजू लागतो, आणि सारा घोटाळा तेथून सुरू होतो.

मी मूळचा महाडचा, आणि पोलादपूर हे माझे आजोळ. पोटासाठी पुण्यास येऊन राहिल्याला बरीच वर्षे झाली. एवढ्या अवधीत ‘आपण कुठले?’ ह्या प्रश्नाला ‘महाडचा’ असे उत्तर दिल्यावर पुढे काय येणार, हे मला समोरच्या गृहस्थांच्या मुद्रेवरूनच ओळखता येऊ लागले आहे. एका वर्गातील गृहस्थांच्या डोळ्यांपुढे रायगड उभा राहतो. महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली ज्या गडावर झाला तो महाड तालुक्यात, आणि तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ पोलादपूर तालुक्यात. तेव्हा तेथील माणूस भगव्या झेंड्याखेरीज दुसरे काही जाणत नसणार, असा त्यांचा सिद्धांत ठरलेला असतो. दुसऱ्या वर्गाला चवदार तळे आठवते. डॉ. आंबेडकरांनी जेथे ओंजळभर पाणी घेऊन एका युगाचा शेवट केला, ते गाव निळ्या झेंड्याखालीच असले पाहिजे, असे ते धरून चालतात. तिसरा वर्ग अलिबाग-पेणकडचा. चरी गावच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमिनी न कसता संप चालविला, आणि पुढे ह्याच जिल्ह्यात शेतकरी कामगार पक्षाने घट्ट मूळ धरले. ह्या मंडळींच्या मते आम्ही अर्थातच लाल. चौथे एखादे वयस्क गृहस्थ भेटतात, ते ‘अंतुल्यांचा जिल्हा’ म्हणून मान हलवितात आणि आम्हांला काँग्रेसच्या खात्यात जमा करून मोकळे होतात.

मौज अशी की, हे चौघेही गृहस्थ खरे तेच सांगतात. आणि चौघांचेही अनुमान फसते.

आमच्या जिल्ह्याचे खाते उघडून पाहावे. १९५२ साली कुलाब्याने लोकसभेवर काँग्रेसचे चिंतामणराव देशमुख पाठविले. हे महाडजवळच्या नाते गावचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडले, आणि पुढच्याच वर्षी कुलाब्याने शेतकरी कामगार पक्षाला कौल दिला. १९८४ साली इंदिरा गांधींच्या हत्येनंतर देशभर सहानुभूतीची लाट उसळली. महाराष्ट्रातील ४८ जागांपैकी ४३ काँग्रेसकडे गेल्या; पण कुलाब्याने त्या लाटेतही शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील निवडून दिले. ज्यांनी येथे लाल रंग कायमचा मानला, त्यांना १९८९ साली ह्याच मतदारसंघाने काँग्रेसचे अंतुले दाखविले. अंतुले म्हसळे तालुक्यातील आंबेतचे; १९८० साली महाराष्ट्राचे पहिले मुसलमान मुख्यमंत्री झाले. कुलाबा हे नाव जाऊन जिल्ह्याला ‘रायगड’ हे नाव १९८१ साली मिळाले ते त्यांच्याच कारकिर्दीत. शिवरायांच्या गडाचे नाव जिल्ह्याला कोणी दिले, असे एखाद्या परक्यास विचारले, तर तो शंभर नावे घेईल. हे नाव बहुधा घेणार नाही.

मतदारसंघांच्या सीमा वेळोवेळी हलल्या हे खरे. परंतु खुद्द महाडच्या विधानसभेच्या जागेची कथाही निराळी नाही. १९९० पासून तेथे शिवसेनेचा जोर. तरी मध्ये २००४ साली राष्ट्रवादीचे माणिक जगताप निवडून आलेच. आणि २०२४ साली तर सामना एका शिवसेनेचा दुसऱ्या शिवसेनेशी झाला. तेव्हा भगवा रंग म्हणजे नेमका कोणता, हा प्रश्न नकाशा काढणारालाही पडला असेल. लोकसभेच्या २०१४ च्या निवडणुकीत रायगडमध्ये अनंत गीते अवघ्या २,११० मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार सुनील तटकरे ह्यांच्याच नावाचे दुसरे एक उमेदवार त्या वेळी उभे होते, आणि त्यांना साडेनऊ हजारांहून अधिक मते पडली होती. एवढ्याशा फरकावर पाच वर्षे एका जिल्ह्याची प्रकृती सांगितली जाते!

हे असे का होते, ह्याचे उत्तर मला पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांनी दिले. आमच्या डोंगरउतारावर पाऊस उदंड, जमीन थोडी. भाताचे एक पीक आणि वरकसावर नाचणी-वरी, ह्यांवर वर्ष निघत नाही. म्हणून कर्ता पुरुष मुंबईस आणि चूल गावी, अशी घरे दोन ठिकाणी विभागली. लालबाग-परळच्या गिरण्यांतून मनिऑर्डरी येत, आणि त्यांच्या मागोमाग विचारही येत. आजोबा गिरणीत लाल बावट्याखाली संपावर गेले, मुलगा चाळीतल्या शाखेत बसू लागला, १९८२ च्या संपानंतर नोकरी गेलेला तिसरा कोणी गावी परतून शेती पाहू लागला: अशी एकाच ओटीवरची तीन मते मी पाहिली आहेत. ज्याला परका माणूस ‘गावचे मत’ म्हणतो, ते पुष्कळदा मुंबईच्या एखाद्या चाळीत पिकलेले असते. दुरून डोंगर साजरे दिसतात. त्यांच्या पोटातील वाटा कोठून कोठे जातात, ते जवळ गेल्यावाचून कळत नाही.

हा खेळ काही आमच्यापुरता नाही. अमेरिकेतील व्हरमाँट संस्थान आज उदारमतवाद्यांचे माहेरघर गणले जाते. त्याच व्हरमाँटने १८५६ पासून १९८८ पर्यंत, १९६४ चा एकच अपवाद सोडता, दर अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन पक्षालाच मत दिले. आणि पुढे वारे फिरल्यावरही २०१६ पासून गव्हर्नर मात्र त्याच पक्षाचा निवडला. माझा एक भाचा कॅन्सस येथे नोकरीला आहे. तो तिकडे गेला तेव्हा आप्तेष्टांनी त्याला ‘कर्मठांच्या देशात चाललास’ म्हणून उपदेश केला होता. १९६४ नंतर त्या संस्थानाने डेमोक्रॅटिक अध्यक्षाला कधीच कौल दिलेला नाही, हे खरेच. परंतु गर्भपाताचे संरक्षण घटनेतून काढून टाकावे काय, हा प्रश्न ऑगस्ट २०२२ मध्ये तेथील जनतेपुढे आला, तेव्हा शेकडा ५९ मतदारांनी ‘नाही’ म्हणून सांगितले. भाच्याने मला कळविले की, ‘मामा, इथले शेजारी अगदी आपल्या पोलादपूरकरांसारखे आहेत, विचारल्याशिवाय काय ते कळत नाही.’

कोणी म्हणेल, परक्याचा तर्क चुकला तर बिघडले काय? गमतीपुरते काही बिघडत नाही. परंतु गोष्ट गमतीपुरती राहत नाही. आमच्या नात्यातला एक मुलगा पोलादपूरहून शिकण्यासाठी पुण्यात आला आणि खोली शोधू लागला. एका घरमालकांनी ‘रायगडाकडचे का? म्हणजे मोर्चे, मिरवणुका आल्या,’ असे म्हणून नकार दिला. दुसऱ्यांनी ‘महाडकडचे म्हणजे चवदार तळ्याकडचे ना?’ असे विचारून मग हळूच आडनाव विचारले. त्या मुलाने तोवर जन्मात एकदाही मत दिले नव्हते. मुलखाच्या राजकारणाची चौकशी ही जातीची चौकशी करण्याची सभ्य वाट झाली आहे, हे मला त्या दिवशी उमगले. आणि तेव्हापासून ‘आपण कुठले?’ हा प्रश्न मला पूर्वीइतका निरागस वाटत नाही.

ह्या बाबतीत चवदार तळ्यासारखा गुरू नाही. मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले ह्यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव १९२३ साली संमत झाला, आणि १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने तो मान्य करून तळे सर्वांस मोकळे केले. हा ठराव करणारे महाडकर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी त्या हक्काने पाणी प्याले, तेव्हा वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवून त्यांच्यावर लाठ्या चालविणारेही महाडकर. परिषदेसाठी खटपट करणारे रामचंद्र बाबाजी मोरे ह्याच तालुक्यातले. पुढे ते कम्युनिस्ट झाले. नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे हे कायस्थ प्रभू परिषदेच्या बाजूने उभे राहिले. डिसेंबरच्या परिषदेस जागा देण्यास कोणी धजेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. आणि त्या परिषदेत मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला तो गंगाधरपंत सहस्रबुद्धे ह्या ब्राह्मणाने. नगरपालिकेने मात्र मधल्या काळात आपला ठराव मागे घेतला होता. तळ्याचा निकाल हायकोर्टातून लागण्यास १९३७ साल उजाडले.

आता सांगा, १९२७ च्या महाडला नकाशात कोणता रंग द्यावा? काठी उगारणाऱ्यांचा दिला, तर टिपणिसांवर आणि फत्तेखानांवर अन्याय होतो. त्यांचा दिला, तर ज्यांची डोकी फुटली त्यांच्यावर होतो. आणि ह्यात आणखी एक धोका आहे. परका माणूस आम्हांला रंग देतो तेव्हा तो चुकतोच. परंतु आम्ही स्वतः ‘आमचे गाव हे असेच’ म्हणू लागलो की, आमच्यातील प्रत्येकाची जबाबदारी संपते. त्या मार्चच्या दुपारी दारे लावून घरात बसलेल्या कित्येक भल्या माणसांनीही हेच म्हटले असेल. गाव ‘असेच’ असते, तर जमीन देणारा एक माणूस त्यात कोठून निघाला?

मुलूख मत देत नाही. माणसे देतात, आणि तीही पडद्याआड, एकेकटी. त्यांची बेरीज करून राज्यकारभार चालवावा लागतो, म्हणून नकाशे हवेत. परंतु बेरीज झाली म्हणजे आकडे नाहीसे होत नाहीत. पावसाळ्यात सावित्रीला पूर येतो तेव्हा महाडच्या बाजारपेठेत सर्वत्र एकच गढूळ पाणी दिसते. ते ओसरल्यावर चिखल उपसायला जो तो आपापल्या दुकानाच्या पायरीशी जातो, आणि शेजाऱ्याची पायरी धुऊन द्यायची की नाही, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते.