आजीचे उन्हाळे

(द्वितीय वर्ष कला)

देशावरच्या माणसाला 'उन्हाळे' म्हटले की सुट्ट्या आणि घामोळी आठवत असतील. आमच्या कोकणात या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. ऊन म्हणजे गरम. आणि जमिनीतून आपोआप ऊन पाणी येते ती जागा म्हणजे उन्हाळे. राजापूरजवळ तर या नावाचे गावच आहे, आणि दापोलीच्या बाजूला उन्हवरे आहे. ज्याने कोणी ही नावे ठेवली त्याला भूगोल येत नसेल, पण हात घालून पाणी बघायची त्याला सवय होती एवढे नक्की.

गेल्या मार्गशीर्षात आजीला घेऊन मी तीन दिवस राजवाडीच्या उन्हाळ्यावर जाऊन आले. 'घेऊन' हा शब्द आपला लिहिण्यापुरता. प्रत्यक्षात तीच मला घेऊन गेली.

झाले असे की आजीचे दोन्ही गुडघे आता पार गेले आहेत. चिपळूणच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरून दाखवला. सांध्यातली गादी झिजली आहे, हाडावर हाड घासते, सांधा बदलून घ्या, असे त्यांनी सांगितले. मग घरात रोज रात्री तोच विषय. बाबा कागदावर आकडे मांडायचे, मुंबईहून काका फोनवर तेच आकडे पुन्हा मांडायचे. या वयात शस्त्रक्रिया सोसेल का, एक गुडघा आधी करावा की दोन्ही एकदम, अशी सगळी चर्चा. आजी चुलीपुढे बसून ऐकत असे. एका रात्री ती म्हणाली, "ता काय करायचा ता करा. पन आदी मना राजवाडीच्या पान्यात बसून येव दे." आणि विषय संपला.

एस.टी.त एक गंमत झाली. पंचाहत्तरी उलटलेल्यांना २०२२ पासून एस.टी.चा प्रवास फुकट आहे. आजी आपल्या हिशेबाने अठ्ठ्याहत्तरची. मोठ्या भूकंपाच्या साली, म्हणजे १९६७ मध्ये, तिचे लग्न ठरत होते. पण आधार कार्डाने तिला १ जानेवारीचा जन्म आणि एकाहत्तर वर्षे बहाल केली आहेत. कंडक्टर कार्ड बघून म्हणाला, "आजी, तुम्ही अजून लहान आहात." बायकांना २०२३ पासून अर्धे तिकीट असल्यामुळे फारसे बिघडले नाही. आजी मात्र आरवली येईपर्यंत स्वतःशीच हसत होती.

आरवलीच्या पुढे तुरळ, आणि तुरळजवळच राजवाडी. दोन्हीकडे ऊन पाणी आहे. तुरळ महामार्गाला लागून, राजवाडी आत. समोर सह्याद्रीची रांग, पायथ्याशी भाताची कापलेली खाचरे, आणि त्यात सोमेश्वराचे जुने देऊळ. देवळातले लाकडी कोरीवकाम बघण्यासारखे आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी एकदा सहल काढून बघावे. पण आम्ही काही सहलीला गेलो नव्हतो. आजीची एक मावसबहीण त्या बाजूला दिली आहे, तिच्याकडे उतरलो आणि सकाळ-संध्याकाळ कुंडावर जाऊ लागलो.

भूगोल हा माझा विषय असल्यामुळे थोडे सांगितल्याशिवाय राहवत नाही. पालघर जिल्ह्यापासून राजापूरपर्यंत सुमारे तीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात, सह्याद्री आणि समुद्र यांच्या मध्ये, अठरा ठिकाणी मिळून साठेक उष्ण झरे आहेत. वज्रेश्वरी-अकलोली-गणेशपुरी त्यांतलेच. इंग्रजांनी १८८० साली छापलेल्या रत्नागिरीच्या गॅझेटियरातही या झऱ्यांची दखल आहे. पुष्कळांना वाटते की खाली ज्वालामुखी धुमसतो आहे. तसे नाही. आपला काळा कातळ ज्वालामुखीचाच, पण तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, कधीच निवलेला. ही ऊब खोलीची आहे. पावसाचे पाणी कातळाच्या भेगांतून खाली खाली जाते. एक किलोमीटर खोल गेले की उष्णता साधारण पंचवीस-तीस अंशांनी वाढते. तिथे ते तापते, दगडातले क्षार विरघळवून घेते, आणि एखाद्या मोठ्या भेगेतून फार निवायच्या आत वर येते. म्हणून त्याला ती खारट, किंचित गंधकाची चव.

हे सगळे मी कुंडाच्या काठावर बसून आजीला समजावले. तिने नीट ऐकून घेतले. मग विचारले, "म्हंजे ह्या पावसाचाच पानी?"

"हो."

"मंग आमच्या लावनीचा पानी पन जात आसंल ह्याच्यात."

याला भूगोलाच्या पुस्तकात उत्तर नाही, पण नाही म्हणण्यासारखेही काही नाही.

तुरळच्या पाण्यात पोटली बांधून भात शिजवतात, अशी एक कथा लहानपणापासून ऐकत आले आहे. साठ अंशांच्या आसपासच्या पाण्यात अंडे अर्धेकच्चे होईल, भात शिजणे कठीण. भात शिजतो तो हिमाचल प्रदेशात, पार्वतीच्या खोऱ्यातल्या मणिकर्णला. तिथले पाणी जवळजवळ उकळीला पोचलेले असते आणि गुरुद्वारातल्या लंगरचा तांदूळ त्यातच शिजतो. आमचे उन्हाळे एवढे तापट नाही. तरीही उगमाजवळचे पाणी अंगावर घेता येत नाही. थोडे वाहून, निवून आले की मगच त्यात उतरायचे.

बायकांच्या कुंडाला भिंत आहे, आणि त्या भिंतीच्या आत एक वेगळेच राज्य आहे. पहाटे धुके असताना पाण्याच्या वाफेत समोरच्या बाईचा चेहरा दिसत नाही, फक्त आवाज येतो. साबण लावू नये असे सगळ्यांनाच ठाऊक असते, आणि शाम्पूच्या रिकाम्या पुड्या कोपऱ्यात पडलेल्याच असतात. त्याविषयी मी तिथे दोनदा भांडले, इथे पुन्हा भांडत नाही. आजी पायरीवर बसून कमरेपर्यंत पाण्यात उतरायची आणि डोळे मिटून घ्यायची. मी तिची पाठ चोळून देत असे. घरी ती कधी हात लावू देत नाही. तिच्या डाव्या खांद्यावर, मानेच्या मुळाशी, एक घट्टा आहे. पायाच्या टाचेसारखा कठीण. कवळाचे भारे, गवताचे भारे, पाण्याचे हंडे, सगळे त्याच खांद्यावरून आले. एवढ्या वर्षांत मी तो पाहिला नव्हता, कारण आजीला पदराशिवाय मी पाहिलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सावर्ड्याकडची एक बाई पाण्यात आली. तिच्या गुडघ्यांवर सरळ उभा, हातभर लांब व्रण होता. दोन वर्षांपूर्वी तिने दोन्ही सांधे बदलून घेतले होते. आजीने डोळे उघडले. पुढचा अर्धा तास तिने त्या बाईची जी उलटतपासणी केली, ती एखाद्या वकिलालाही जमली नसती. रात्री ठणकते का? नाही. जिना चढता येतो? येतो, सावकाश. बाजारात जाता येते? रोज जाते. मग या पाण्यात कशाला येतेस? कमरेसाठी.

"उकिडवा बसता येतंय?"

"नको म्हनतात डाक्तर. जमिनीवर पन नको. खुर्ची घेतलीय."

आजी जरा थांबली. मग तिने विचारले, "लावनी?"

बाईने नुसती मान हलवली. चिखलात वाकून, पाय रुतवून, दिवसभर मागे मागे सरकत जायचे ते आता नाही. तिच्या सुना करतात. सुनांना वेळ नसला तर मजूर लावतात.

आजीने आणखी काही विचारले नाही. वाफ दाट होती, त्यामुळे तिचा चेहरा मला दिसला नाही.

डॉक्टरांनी आम्हांला दुखण्याविषयी, चालण्याविषयी, खर्चाविषयी, टाक्यांविषयी सगळे सांगितले होते. लावणीविषयी बोलणे निघालेच नव्हते. निघाले असते तरी घरातल्या कोणालाही तो प्रश्न वाटला नसता. अठ्ठ्याहत्तरीच्या बाईने आता खाचरात उतरू नये, यावर आमच्याकडे सर्वांचे एकमत आहे. पण आजी अजून उतरते. दोन वर्षांपासून पूर्ण खाचर होत नाही, कोपऱ्यातल्या दोन ओळी ती लावते, आणि त्या दोन ओळींपुरती बाकीच्या बायकांना गाणे सांगते. गाणी आता तिलाच तेवढी येतात. काठावर खुर्ची टाकून बसून ती सांगता येतील का, हे मी तिला विचारून पाहिले. "खुर्चीवर बसून काय सांगायचा? मी काय मुकादम हाय?" असे उत्तर मिळाले.

आता पाण्याचा गुण आला का, हा प्रश्न प्राध्यापक मंडळी विचारणारच. गरम पाण्याने स्नायू सैल पडतात, पाण्यात अंगाचा भार हलका होतो, दुखणे थोडा वेळ कमी होते. तसे झाले. सकाळी कुंडातून निघाली की आजी रस्त्यापर्यंत काठी न टेकता येई. दुपार कलली की पुन्हा काठी. झिजलेली गादी कोणत्याही पाण्याने भरून येत नाही. हे आजीला मी सांगितले नाही, कारण ते तिला माहीत होते. तिच्या आईलाही तिने याच पाण्यात बसवले होते आणि ती पुढे कशी चालली हेही पाहिले होते. मग ती आली कशाला, असे विचाराल तर माझा अंदाज सांगते. गुडघे बरे करायला नव्हे, ठरवायला आली. आमच्या घरात चर्चा सगळे करतात, पण ती ज्या जागी बसलेली असते तिथे तिच्यापुढे नेहमी कुठले तरी काम असते. या कुंडात तीन दिवस तिच्यापुढे काहीच काम नव्हते.

परतताना तिने पाण्याची एक बाटली भरून घेतली. शेजारच्या काकींनी मागितली होती, पायाच्या भेगांसाठी. गाडीत ती खिडकीशी बसली आणि चिपळूण यायच्या थोडे आधी म्हणाली, "तुज्या बापाला सांग, यंदाची लावनी होव दे. मंग न्या कुटं न्यायचा तिकडं."

बाबांनी डॉक्टरांना विचारले. तेवढे थांबायला हरकत नाही, पण वजन उचलू नका, असे ते म्हणाले. आता श्रावणात दोन्ही गुडघे करायचे ठरले आहे. अर्धे पैसे काका पाठवणार आहेत. आजीने मला जून-जुलैत कुठेही जायचे नाही असे बजावले आहे. कोपऱ्यातल्या दोन ओळी या वेळी मी तिच्या शेजारी लावणार आहे, आणि गाणी लिहून घ्यायला एक दोनशेपानी वही आणून ठेवली आहे. चिखलात ती वही कुठे ठेवायची, हे अजून सुचलेले नाही.