हर्णैचा समुद्र कुठल्या रंगाचा

समुद्राचा दागिना म्हटलं की लोकांना निळा खडा हवा असतो. तोही ठरावीक निळा, खाली पांढरी वाळू दिसणारा. असा समुद्र लक्षद्वीपला आहे, कॅरिबियन बेटांजवळ आहे. त्या रंगाचा एक दगडही तिकडचाच. लारिमार हा पांढऱ्या जाळीचा आकाशी दगड डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये मिळतो. मिगेल मेंदेस यांनी १९७४ मध्ये आपल्या मुलीचं नाव लारिसा आणि समुद्रासाठीचा स्पॅनिश शब्द ‘मार’ जोडून त्याचं बारसं केलं. दिसतो सुंदर. पण मऊ असतो आणि फार ऊन लागलं तर फिकटतो.

मी दिवसा सॉफ्टवेअर लिहितो आणि रात्री चांदीची पट्टी वळतो. इंजिनिअरिंगला असताना मोह्सची कठिणता पट्टी पाठ केली होती, पाच मार्कांसाठी. आता तिच्याशिवाय खडा घेत नाही. कारण साधं आहे. घरातल्या धुळीत गारगोटीचे कण असतात आणि गारगोटीची कठिणता सात. त्याहून मऊ खड्यावर नुसती धूळ पुसतानाही हळूहळू चरे पडत जातात.

मावशी गेल्या वर्षी हर्णैचं घर विकून पुण्यात मुलाकडे आली, सातव्या मजल्यावर. तीस वर्षं ती तिथल्या शाळेत शिकवत होती. घराबद्दल ती बोलत नाही. एकदाच म्हणाली, “गळ्यातलं कर रे एक. समुद्राचं. आणि काढ-घाल करायला लावू नकोस.” इतकी स्पष्ट रिक्वायरमेंट मला ऑफिसात कधी मिळालेली नाही.

काढायचं नाही म्हणजे घाम, साबण, फोडणीचं तेल, भांडी, सगळं आलं. त्यामुळे जे खरोखर समुद्रातून येतं तेच आधी बाद झालं. मोत्याचा थर कॅल्शियम कार्बोनेटचा, पोवळंही तेच. घामातल्या आम्लाने दोन्ही निस्तेज होतात. शिवाय दागिन्यातल्या लाल पोवळ्याची फांदी वर्षाला मिलिमीटरभरही जाड होत नाही, ती तोडून आणायला मन धजत नाही. फिरोजा सच्छिद्र, तेल पिऊन हिरवट पडतो. त्यात बाजारात फिरोजा म्हणून मिळतो तो बऱ्याचदा रंगवलेला हाऊलाइट. रविवार पेठेत एका दुकानदाराने मला चंद्रमणी म्हणून दुधी निळसर खडा दाखवला. भिंगाखाली आत गोल बुडबुडे दिसले. ते काचेत असतात. त्याला म्हटलं, ही काच आहे. तो म्हणाला, “साहेब, सगळे हाच नेतात.” तेही खरंच असणार.

उरला बेरूज, म्हणजे अ‍ॅक्वामरीन. पाचूचा भाऊ, लोहामुळे निळा, कठिणता साडेसात ते आठ. हिरवट खडे तापवून निळे करतात आणि तो रंग टिकतो. कागदावर सगळ्या चाचण्या पास.

स्टीलच्या ताटलीत पाच-सहा खडे मांडून तिच्यापुढे ठेवले. तिने बेरूज उचलला, खिडकीकडे धरला. “छान आहे. पण हा समुद्र कुठला? आपला नाही. आपला जुलैत चहासारखा असतो. नारळी पौर्णिमेनंतर निवळतो, तेव्हा शेवाळी. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव चालतो ना, तेव्हा शिशासारखा.”

बरोबरच होतं तिचं. सावित्री, जोग, वाशिष्ठी या नद्या सह्याद्रीचा गाळ घेऊन येतात आणि उथळ किनाऱ्यावर लाटा तो ढवळत राहतात. कोकणकिनाऱ्याला पोस्टरमधला निळा परवडत नाही.

मग मी शिशाच्या मागे लागलो. लॅब्राडोराइट. राखाडी, आणि एका विशिष्ट कोनात धरला की आतून निळी झळाळी देणारा. पण त्यात फुटण्याच्या ठरलेल्या पातळ्या असतात. सिंकच्या कडेवर आपटला तर तिथून कपचा उडायचा. मावशी वाकून कुकर उतरवणारी. तो बाजूला ठेवला, मनातून मात्र अजून गेलेला नाही. आपल्या मातीतला खराखुरा निळाही आहे: वाघोलीच्या खाणींत सापडणारा कॅव्हन्साइट. पांढऱ्या खनिजावर बसलेले गडद निळे गोळे, बघत राहावेत असे. कठिणता जेमतेम तीन ते चार. काचेच्या कपाटातच शोभायचा.

शेवटी अकीक. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. त्या पोकळ्यांत सिलिका विरघळलेलं पाणी झिरपलं आणि थरावर थर बसत गेले, तो अकीक. हर्णैचा काळा कातळही दख्खनच्या लाव्हाचाच. अकीक चिवट असतो, ठरलेल्या रेषेत फुटत नाही, सातच्या जवळ जातो. खंभातला तो हजारो वर्षं घासला-घडवला जातोय. एक सावधगिरी: भडक निळा अकीक रंगवलेला असतो. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बुडवलेला कापूस घासून बघावा. काही रंग कापसावर उतरतात, सगळे नाही.

माझ्याकडे खंभातच्या मालातला एक होता, करडा-हिरवा, मधून एकच पांढरी रेघ. तो ताटलीच्या कडेला, जरासा संकोचाने ठेवलेला. मावशीने तोच घेतला. “हा. श्रावणातला.” मी उत्साहाने लाव्हा, बुडबुडे, कातळ सगळं सांगायला लागलो. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “अरे, मी भूगोलच शिकवायचे.”

कोंदणाची चांदी चकचकीत ठेवली नाही. उकडलेलं अंडं कुस्करून चांदीबरोबर डब्यात बंद केलं की गंधकाच्या वायूने ती काळवंडते. ओल्या कातळाचा काळा येतो. डब्याला नंतर दोन दिवस वास येतो, तो दुसऱ्या कशासाठी वापरू नये.

खडा बसवण्याआधी विचारलं, रेघ मधोमध ठेवू ना, क्षितिजासारखी?

“छे. खाली घे. भरती उतरली की वाळूवर फेस राहतो, तेवढ्यावर.”

रेघ तळाशी आणायला खडा खालच्या बाजूने घासावा लागणार होता. कोंदण पुन्हा मापलं.